आज्जीचं वय काढायचंय? मग साल विचारू नका

या वेळी पत्रं भरपूर आली आणि बघते तर बहुतेक सगळी एकाच माणसाभोवती फिरतायत, घरातली म्हातारी बाई. मागच्या अंकात मी जुन्या फोटोंबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की आजोबा खुर्चीत बसलेले असतात आणि आज्जी एकतर मागं उभी असते नाहीतर फोटोतच नसते, कारण ती तेव्हा रानात होती. त्यावरनंच हे सुरू झालं असणार. चार पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच देत नाही, घरातल्या गोष्टी आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव कराड तालुक्यात, मी नोकरीमुळं पुण्यात असते. माझी आज्जी (वडिलांची आई) अजून हिंडती फिरती आहे, सकाळी परड्यात जाऊन शेणी लावते, कुणाचं ऐकत नाही. आधार कार्डवर तिची जन्मतारीख 1 जानेवारी 1938 आहे. पण ती म्हणते माझं लगीन पत्री सरकारात झालं. आणि काका म्हणतात ती शंभरीला आलीय, मोठा कार्यक्रम करू, बॅनर लावू. खरं वय कसं काढायचं? दुसरं म्हणजे मला तिच्यावर एक छोटी पुस्तिका करायचीय, घरच्यांना वाटायला. पण मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं की "माझं काय लिवायचं, रानात राबलो, पोरं वाढवली, झालं" असं म्हणून उठून जाते. काय करू?

उत्तर : आधी ते आधार कार्ड बाजूला ठेव. 1 जानेवारी बघितलं की समजायचं, कुणीतरी वय अंदाजानं सांगितलंय आणि तारखेची जागा भरायला ती पडलीय. शाळेत गेलेल्यांची 1 जून असते, गुरुजींनी नाव घालताना लिहिलेली, तुझ्या घरात बघ, काका नाहीतर आत्या कुणीतरी 1 जूनचं निघेलच. आज्जी शाळेतच गेली नाही, म्हणून तिला 1 जून पण मिळाला नाही.

पण तिनं तुला तारीख सांगितलीय की! फक्त ती आपल्या कॅलेंडरातली नाही. पत्री सरकार म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, सातारा जिल्ह्यात (तेव्हा आत्ताचा सांगलीचा भाग पण त्यातच होता) 1943 पासून 1946 पर्यंत त्याचा जोर होता. त्यांनी साधी लग्नं लावायची पद्धत पाडली होती, हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत, लोक त्याला गांधी लग्न म्हणायचे. तिला विचार, तुझं लगीन गांधी लगीन होतं का वाजंत्री लावून झालं? हा प्रश्न विचारलास तर ती उठून जाणार नाही बघ, कारण याचं उत्तर एका शब्दात संपत नाही. आता कायद्यानं तेव्हा मुलीला 14 पूर्ण पाहिजे होती, 1929 चा सारडा कायदा, पण गावात अकराव्या बाराव्या वर्षी लग्न लागायचं आणि पोरगी शहाणी झाली की मग सासरी नांदायला यायची. म्हणजे जन्म साधारण 1931 ते 34 मधला धर. 1938 धरला तर लग्नात ती पाच ते आठ वर्षांची होते. तसंही व्हायचं नाही असं नाही, पण मग तिला लग्नातलं काही आठवायला नको. तिला आठवतं का ते विचार, कुणाच्या खांद्यावर बसून मांडवात गेली का आपल्या पायांनी गेली, त्यावरनं बराच उलगडा होईल.

पुढच्या खुणा तुझ्याच भागातल्या आहेत. गांधीजींची हत्या झाली जानेवारी 1948 ला, त्यानंतर सातारा भागात घरं जाळली गेली, लोक त्याला जळीत म्हणतात. त्या वेळी ती माहेरी होती का सासरी? मग नवे पैसे आले ते 1 एप्रिल 1957 ला, आणे गेले, बाजारात बायांचा हिशोब कित्येक महिने चुकत होता. मग कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटेचा, थंडीतला, तुमच्या भागात तो विसरलेला माणूस नाही. मग 72 चा दुष्काळ. या प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा. आज्जी, तेव्हा तुझ्या कडेवर कोण होतं? साल तिला येत नाही पण कडेवर कोण आणि पोटात कोण हे चुकायचं नाही. कोयनेच्या वेळी तिसरा अंगावर पीत होता म्हणाली की काकांच्या शाळेच्या दाखल्याशी लावून बघ (1 जून सोडून दे, साल बघ). असे चार धागे जुळले की वय दोन वर्षांच्या फरकानं हातात येतं.

कागदच पाहिजे असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावोगावची जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं असतात, गाव नमुना 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. पण लक्षात ठेव, ते तिच्या माहेरच्या गावाचं बघायचं, सासरच्या नाही. जुनी पानं मोडीत असतात, मोडी वाचणारा माणूस बरोबर ने. आणि तिचं नाव शोधू नको, बऱ्याच नोंदींत पोराचं नावच नसतं, बापाचं नाव असतं आणि पुढं मुलगा का मुलगी एवढंच. तिच्या वडिलांच्या नावापुढं "मुलगी" दिसली आणि साल जवळपास बसलं तर ती तुझी आज्जी. (बहिणी किती होत्या तेवढं आधी विचारून जा.)

तर काकांना सांग शंभरी नाही. बॅनर नका लावू, खोटं होईल ते. नव्वदी पार झालीय आणि तेही काही कमी नाही. हजार पौर्णिमा बघितल्या म्हणून सहस्रचंद्रदर्शन करतात ते 81 व्या वर्षी, ते तिचं कधीच होऊन गेलं. आजोबांचं बऱ्याच घरांत लक्षात राहतं, आज्जीचं राहत नाही, कारण तिचं वयच कुणाला माहीत नसतं.

आता पुस्तिकेचं. तुझी चूक कुठं होतेय सांगू का, तू तिला समोर बसवतेस. हात मोकळे ठेवून बोलायची तिला सवयच नाही. माझी आज्जी (आईची आई) माण तालुक्यातल्या एका वस्तीवर राहायची, तिला खुर्चीत बसवून विचारलं तर तीन शब्द यायचे आणि तीच बाई हुलगे पाखडायला बसली की तासभर बोलायची, मधेच सूप थांबायचं, मग समजायचं की आता काहीतरी मोठं येतंय. तेव्हा तू जा आणि तिच्याबरोबर शेंगा फोड, भाजी निवड, शेणी लावायला लाग. मोबाईल खिशात चालू असू दे पण तसं तिला आधी सांग, चोरून करू नको. घरच्या माणसाचं बोलणं झालं तरी ते तिचं आहे.

आणि वस्तू काढ. घरात जुनी वाकळ (गोधडी) असेल तर ती उन्हात पसर आणि तिला एकेक तुकडा विचार. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. आमच्या आज्जीच्या वाकळेत वरच्या अंगाला एक हिरवा तुकडा होता, तो तिच्या सासूच्या लुगड्याचा, ती गेल्यावर ते लुगडं तिनं फाडून आत घातलेलं, आणि त्याच्या शेजारी मामाच्या बारशाचं अंगडं. सासूनं तिला खूप छळलेलं, हे सगळ्या वस्तीला माहीत. तरी तिचं लुगडं बोहारणीला दिलं नाही, अंगावर पांघरायच्या वाकळेत घातलं. मी विचारलं का, तर म्हणाली तिनंच मला पात (खुरपताना, काढणी करताना रानात धरायची ओळ) धरायला शिकवलं. त्या एका वाक्यात सासू-सुनेचं जे काय आहे ते मला नंतर किती वर्षं पुरलं.

गोंदण विचार. हातावर तुळस कुणी काढली, कुठल्या जत्रेत, दुखलं का, पैसे दिले का दाणे दिले. जात्याचं विचार, ते अजून घरात आहे का दारात पायरीला लावलंय. जात्यावरच्या ओव्यांचं म्हणशील तर हेमा राईरकर आणि गी पॉटवां या दोघांनी गावोगावच्या बायांकडनं एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, म्हणजे विचार कर, पहाटे अंधारात एकट्या बसून बाया केवढं बोलत होत्या. तुझ्या आज्जीला ओवी येत असेल तर ती म्हण म्हटल्यावर आठवणार नाही. हातात खुंटा दे, मग आठवेल.

बियाणाचं तर नक्की विचार, ते कुणीच विचारत नाही. हायब्रीड ज्वारी गावात आली साठच्या दशकात, त्याआधी पुढच्या वर्षीचं बी कुठल्या कणसाचं ठेवायचं हे कोण ठरवायचं? बहुतेक घरांत हीच. खळ्यावर टपोरी कणसं बाजूला काढायची, वाळवायची, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची, तोंड शेणामातीनं लिंपायची. घरात उपास पडला तरी त्या मडक्याला हात लागायचा नाही. औत, बैल, बाजार हे सगळं गड्याच्या नावावर आणि पुढच्या वर्षीचं अख्खं रान हिच्या उतरंडीत. मग बी दुकानातनं यायला लागलं आणि हे काम तिच्या हातातनं गेलं, ते गेल्याचं तिला कसं वाटलं विचार. माझी आज्जी एवढंच म्हणाली होती की हायब्रीडची ताटं बुटकी, कडबा होत न्हाय, जनावर काय खाणार. दाण्याआधी तिला जनावर दिसलं.

आणि 72. यावर दोन दिवस काढ. दुष्काळ कसा होता असं विचारू नको, लय वाईट होता म्हणेल आणि गप्प बसेल. काय खाल्लं ते विचार. रेशनला अमेरिकेतनं आलेला लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) मिळायचा, त्याची भाकरी थापायला गेलं की चिरायची, ते सांगताना तिचे हात आपोआप भाकरी थापायला लागतील. सुकडी मिळायची कामावर. तुझी आज्जी खडी फोडायला गेली का पाझर तलावावर, का रस्त्याला? 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यात बाया ढीगभर, तान्ह्या पोराची झोळी बाभळीला बांधून. पुढं जी रोजगार हमी योजना देशभर नावाजली ती या बायांच्या हातावरच्या फोडांतनं उभी राहिलीय असं मला वाटतं आणि मी हे भावनेच्या भरात नाही म्हणत. तुझ्या गावाजवळचा कुठला रस्ता, कुठला तलाव तिनं केलाय ते विचार आणि तिला गाडीत घालून तिथं घेऊन जा. पुस्तिकेत तिचा फोटो तिथला टाक, सोफ्यावरचा नको.

एक गोष्ट मात्र आजच विचार, हे पान वाचून झालं की लगेच फोन कर. तिचं माहेरचं नाव काय? लग्नात नाव बदलायचे, आणि मग ते पहिलं नाव माहेरच्या माणसांबरोबर संपून जायचं. माझी आज्जी गेली तेव्हा दहाव्याला तिची एक म्हातारी भावजय आली, दारातनंच हेल काढून रडायला लागली आणि रडताना एका नावानं हाक मारत होती, आम्ही सगळे एकमेकांकडं बघतोय, ही कुणाला रडतेय? माझ्या आईला पण माहीत नव्हतं. आईला आपल्या आईचं नाव साठ वर्षांची असताना दहाव्याला कळलं. मी तोपर्यंत वीस वेळा तिच्याबरोबर बसून गोष्टी ऐकल्या होत्या, वाकळ पसरली होती, सगळं केलं होतं आणि हे विचारायचं राहिलं.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं वय 80 च्या पुढं आहे, शेतीत आयुष्य गेलं. त्यांची माहिती लिहून काढतेय. मुलं किती विचारलं की कधी "पाच" म्हणतात, कधी "आठ". नवरा म्हणतो आईला आता विसरायला होतंय. पण मला कळलं की तीन लहानपणीच गेलेली. ती नावं लिहायची का? सणासुदीला वाचलं जाईल, घरच्यांना आवडेल का? (बार्शी तालुका)

उत्तर : त्यांना विसरायला होत नाही हो. पाच जगली आणि आठ झाली, दोन्ही आकडे बरोबर आहेत, समोर कोण बसलंय त्यावर त्या कुठला सांगायचा ते ठरवतात. तुम्हाला आठ सांगितले म्हणजे तुमच्यावर विश्वास टाकला, एवढं मला दिसतं.

लिहा. पण आधी त्यांना विचारा, लिहू का म्हणून, आणि एकटीच असताना विचारा. काहीला नाव ठेवलं होतं, काहीला बारशाच्या आधीच गेलं म्हणून नाव नाही, तर "तिसरी मुलगी, सव्वा महिन्याची" असं लिहिलं तरी चालेल. कशानं गेलं तेवढं त्या सांगतील तसं. देवी, गोवर, हगवण, त्यांच्या शब्दात. देवीचा रोग आपल्या देशातनं 1975 मध्ये गेला, त्याच्या आधीच्या आया प्रत्येक तापाला किती घाबरत असतील ते आपल्याला आता कळायचं नाही. आणि पोर गेल्यावर त्या किती दिवसांनी परत रानात गेल्या हे विचारलंत तर तयारी ठेवा, उत्तर पाच दिवसांचं येऊ शकतं, कारण काढणीचे दिवस असतील तर ज्वारी थांबत नाही. एका बाईनं मला सांगितलं होतं, दूध भरून यायचं अन् चोळी भिजायची, तशीच पात काढत होते. यावर मी काय बोलणार, तिच्याजवळ बसून राहिले.

घरच्यांना आवडेल का हा प्रश्न नवऱ्याला टाका. ती त्यांची भावंडं आहेत.

प्रश्न : आमच्या भावकीनं मिळून वंशावळ छापायचं ठरवलंय. मी म्हटलं आज्जीपासून सुरू करू, ती अजून आहे, तिला चार मुलगे, तीन मुली, आणि सगळ्यांची नावं घालू, सुना, मुली, नाती. तर चुलते म्हणतात वंशावळीत मुली घालत नसतात आणि मुलींची नावं छापली तर उद्या त्या हिस्सा मागायला येतील. तुमचं मत? (जत तालुका)

उत्तर : जत म्हणजे तुमच्याकडं हेळवी येत असणार. बैल घेऊन, वही घेऊन येतात, दारात बसून पिढ्यांची नावं म्हणतात, जन्मलेल्या पोरांची नोंद करतात, त्यांना धान्य द्यायचं. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे, अख्ख्या गावाची मुळं सांभाळलीत त्यांनी. पण ती वही बापाकडनं मुलाकडं अशी चालते, आणि चुलत्यांच्या डोक्यात वंशावळ म्हणजे तीच. बरं, तसं असू दे, ती हेळव्यांची पद्धत. तुम्ही छापताय ते तुमचं आहे ना.

आणि हिस्स्याचं म्हणाल तर चुलत्यांना स्पष्ट सांगा की छापलेल्या झाडात नाव घातल्यानं हक्क येत नाही आणि वगळल्यानं जात नाही. हक्क कायद्यानं आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली सगळे बरोबरीचे वारस. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्रानं 22 जून 1994 ला दिला, पण तो त्या दिवसापर्यंत लग्न न झालेल्या मुलींना. मग केंद्राची दुरुस्ती आली 9 सप्टेंबर 2005 ला, त्यात लग्नाची अट नाही. आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की 2005 ला बाप जिवंत असायलाच पाहिजे असं काही नाही. जुन्या रीतसर झालेल्या वाटण्या, म्हणजे 20 डिसेंबर 2004 च्या आधीच्या, त्या मोडत नाहीत. तुमच्या घरात कुठली वाटणी कधी झाली ते फेरफार काढून वकिलाला दाखवा, मी इथनं तुमचा निकाल देऊ शकत नाही.

पण तलाठ्याकडं वारस नोंद करताना मुलींची नावं लपवली तर ते मात्र खोटं प्रतिज्ञापत्र होतं, ते कुणी करू नका, चुलत्यांना हे जरूर वाचून दाखवा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते, मुली घाला, सुना त्यांच्या माहेरच्या गावासकट घाला. आज्जीच्या तीन मुली दिवाळीला, पंचमीला येत होत्या, भावाच्या पोरांची बाळंतपणं काढत होत्या, बापाच्या आजारपणात उशाला बसत होत्या आणि बहुतेकींनी हक्कसोड पत्रावर सही पण करून दिली असेल, चोळी-बांगडीवर, माहेर तुटू नये म्हणून. एवढं करून छापलेल्या कागदावर नाव पण नाही, असं कसं चालेल? आज्जीला एकदा समोर बसवून सगळी नावं मोठ्यानं वाचून दाखवा, मुली वगळून. ती काय म्हणते ते मला कळवा.

प्रश्न : आम्ही तीन भाऊ. वडील वारल्यावर आई चार-चार महिने एकेकाकडं असते, एक गावात, एक सोलापुरात, मी पिंपरीत. आई 78 ची. आता ती म्हणते मला फिरवू नका, मी रानातल्या वस्तीवर राहते. तिथं लाईट आहे, बोअर आहे पण आजूबाजूला एकच घर. भाऊ म्हणतात लोक काय म्हणतील, तीन पोरं असून आई रानात. मलाही टेन्शन येतं, रात्रीबेरात्री काय झालं तर. काय करावं? (सध्या पिंपरी)

उत्तर : तुम्ही भाऊ आईला टाकत नाहीये, वाटून का होईना सांभाळताय, हे मी आधी म्हणते, कारण बाकीच्या पत्रांत असंही आलंय की एका लेकाची सांभाळायची पाळी संपली त्या दिवशी आईचं गाठोडं दारात ठेवलं. असल्या लेकांसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, आई प्रांताकडं निर्वाह भत्त्याचा अर्ज करू शकते, वकील लागत नाही. तुम्हाला त्याची गरज नाही.

पण पाळी म्हणजे काय होतं ते आईच्या बाजूनं बघा. चार महिन्यांनी प्रत्येक वेळी ती पाहुणी. पिंपरीत चौथ्या मजल्यावर ती सकाळी पाचला उठते आणि करायला काही नाही, आवाज केला तर पोरांची झोप मोडते, म्हणून अंधारात बसून राहते. सत्तर वर्षं जिनं उजाडायच्या आत शेण काढलं, पाणी आणलं, टोपलंभर भाकरी केल्या आणि दिवस उगवायला पात धरली, तिला तुम्ही आराम कर म्हणता. तिला तो आराम शिक्षेसारखा लागतोय, हे तुम्ही मनावर घ्या. वस्तीवर तिला चार कोंबड्या, एक शेरडी, मेथीचा वाफा, बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा कुणी नेल्या त्याचा राग, हे सगळं आहे. हे असलं की म्हातारी माणसं तगतात, मी बघितलंय.

तेव्हा राहू द्या. पण तयारी करून. ते जे एकच घर आहे त्यांच्याशी बोला, रात्री सोबतीला कुणी झोपायला येईल असं बघा आणि त्याचे पैसे तिघांनी द्या, फुकट उपकारावर ठेवू नका. मोठ्या बटणांचा साधा फोन, त्यात तीनच नंबर. पायखाना घराला लागून, आत कठडा, रात्री बारक्या दिव्याचा उजेड, कारण या वयात पडणं हाच मोठा धोका, मांडीचं हाड मोडलं की सगळं संपतं. विळा-खुरपं काढून घेऊ नका. चूल पाहिजे म्हणाली तर चूल पण असू दे आणि गॅस पण असू दे. औषधं गावातल्या भावानं दर आठवड्याला मोजावी. पावसाळ्याचे दोन महिने गावात यायचं एवढं तिच्याकडनं कबूल करून घ्या, चिखल आणि साप दोन्ही आहेत. लोक म्हणतील ते म्हणू द्या, दर पंधरा दिवसांनी तुमची गाडी तिथं लागलेली दिसली की आपोआप गप्प होतात.

आता तुम्ही न विचारलेलं विचारते. ते रान कुणाच्या नावावर आहे? वडील गेल्यावर वारस नोंदीत आईचं नाव लागलं का, का तिनं पण तिघांसाठी सही करून दिली? देशात 2015-16 च्या कृषी गणनेत जमीन कसणाऱ्या खातेदारांत बाया फक्त 14 टक्क्यांच्या आसपास निघाल्या, आणि रानात जाऊन बघा, वाकलेल्या पाठी कुणाच्या आहेत. उताऱ्यावर नाव नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती शेतकरी नाही, पीककर्ज नाही, पीकविमा नाही, गारपिटीची मदत दुसऱ्याच्या खात्यावर. शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला बायांचं एवढं मोठं अधिवेशन घेतलं, त्यानंतर शरद जोशींच्या सांगण्यावरनं किती गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला, लक्ष्मी मुक्ती म्हणायचे त्याला, पुढं सरकारनं पण त्या नावानं सोय केली, नवऱ्यानं अर्ज करून बायकोचं नाव उताऱ्यावर लावायची. तुमचे वडील नाहीत, तेव्हा ती वाट तुम्हाला नाही, पण तुम्ही तिघं जिवंत आहात ना. वस्तीभोवतालचं वीस गुंठे रान आईच्या नावावर करा. बहिणी असतील तर त्यांना विचारून करा. दुय्यम निबंधकाकडं बक्षीसपत्र होतं, खर्च किती येतो ते तिथं चौकशी करून घ्या.

आणि नवीन उतारा आला की तो मोबाईलवर पाठवू नका, कागद घेऊन वस्तीवर जा. तिला वाचता येत नसेल तर तिचं नाव कुठं लिहिलंय तिथं तिचं बोट धरून ठेवा.